फॅमिली डॉक्टरांचे पत्र आणि वस्तीचे आरोग्य

अंगात ताप भरला, पोराला जुलाब लागले, सासूबाईंचा खोकला थांबेना, की आपण पहिल्यांदा कुठे जातो? बहुतेक घरांतून उत्तर एकच येते: नाक्यावरच्या डॉक्टरांकडे. सरकारी दवाखाना लांब असतो, तिथे दिवस जातो आणि दिवस गेला की रोज बुडतो. म्हणून वीस-वीस वर्षे एकाच डॉक्टरांकडे जाणारी घरे आपल्या वस्तीत आहेत. आजीचे ब्लडप्रेशर, सुनेचे बाळंतपण, नातवाची लस हे सगळे त्या डॉक्टरांना तोंडपाठ असते.

याचा अर्थ असा की, वस्तीत कोणता आजार वाढतो आहे हे सर्वांत आधी त्यांना कळते. हॉटेलच्या किचनमध्ये काम करणारी चार मुले एकाच महिन्यात खोकत आली, स्ट्रॉबेरीच्या शेतात फवारणी करून आलेल्या बायकांना चक्कर येते, एकाच नळावरच्या दहा घरांत कावीळ झाली, हे डॉक्टरांच्या केसपेपरवर असते. पण केसपेपर दवाखान्याच्या कपाटात राहतो. आमदार, खासदार, नगरसेवक ज्या कागदांवरून निर्णय घेतात, त्या कागदांत तो कधी जात नाही.

आम्ही नर्सिंगची कामे केली, आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडे एक गोष्ट दिसली. डॉक्टरांकडे माहिती असते पण मागे माणसे नसतात. वस्तीकडे माणसे असतात पण हातात माहिती नसते. ही दोन्ही एकत्र आली तर लोकप्रतिनिधीला उत्तर द्यावे लागते. ती एकत्र कशी आणायची, हा या महिन्याचा धडा.

पाचगणीची हवा आणि टीबीचा धडा

आपल्या पाचगणीचे उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बिलिमोरिया यांनी इथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभे केले. आज ते इंडियन रेडक्रॉसचे बेल-एअर रुग्णालय आहे. त्या काळी टीबीवर खात्रीचे औषध नव्हते. उंचावरची स्वच्छ हवा, विश्रांती आणि चांगला आहार हाच उपचार. म्हणजे ज्याला महिनोन्महिने काम सोडून डोंगरावर राहणे परवडेल, त्यालाच हा उपचार मिळणार. मुंबईच्या चाळीतला गिरणी कामगार किंवा आपल्याच खालच्या गावातला शेतमजूर हे करणार तरी कसे?

पुढे औषधे आली. तरीही प्रश्न राहिला की गरिबाला गर्दीच्या खोलीत, कमी आहारावर, घरीच गोळ्या दिल्या तर तो बरा होईल का? 1956 साली मद्रासमध्ये डॉक्टरांनी हेच तपासायला घेतले. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या झोपडीत, त्यांच्या घरी गोळ्या दिल्या. 1959 मध्ये निकाल जाहीर झाला. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते. रुग्ण घरी राहिला म्हणून घरातल्या इतरांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. या पुराव्याच्या आधारावर देशाचा क्षयरोग कार्यक्रम 1962 मध्ये घरी राहून उपचार या पद्धतीने सुरू झाला. आज आपल्या वस्तीतली ताई कामावर जाता-येता टीबीची गोळी खाते आणि बरी होते, ती या निर्णयामुळे.

यातून शिकायचे काय? गरिबावर घरी उपचार करा, अशी नुसती विनंती झाली असती तर कोणी ऐकले नसते. डॉक्टरांनी मोजले, लिहिले आणि सरकारपुढे ठेवले, म्हणून धोरण बदलले.

जो मोजला नाही, तो सरकारला दिसत नाही

आपले बरेच टीबीचे रुग्ण आधी खासगी डॉक्टरांकडे जातात. त्यांची नोंद व्हावी म्हणून केंद्र सरकारने 7 मे 2012 रोजी आदेश काढला. प्रत्येक खासगी डॉक्टरने आपल्याकडच्या टीबी रुग्णाची माहिती सरकारला कळवली पाहिजे. 2018 पासून तर माहिती न कळवणाऱ्यावर कायदेशीर कारवाईची तरतूद झाली. ही नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीवर होते.

नोंदीचे दोन फायदे आहेत. पहिला थेट रुग्णाचा. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत दरमहा रक्कम बँक खात्यात येते. 2018 मध्ये ती 500 रुपये होती, 1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही ती मिळते, पण नोंद असेल तरच.

दुसरा फायदा सगळ्या वस्तीचा. तालुक्यात किती रुग्ण आहेत यावर गोळ्यांचा साठा, तपासणीचे मशीन, कर्मचारी ठरतात. डॉक्टरांनी दहा रुग्णांपैकी तीनच कळवले, तर सरकारच्या हिशेबात सात माणसे नाहीतच. मग आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला तरी मंत्र्यांचे उत्तर त्याच अपुऱ्या आकड्यावरून येणार.

म्हणून डॉक्टरांना पहिली विनंती हीच करा: “डॉक्टर, आमची निक्षयवर नोंद झाली का?” यात संकोच नको. लोकप्रतिनिधीपर्यंत जाण्याची पहिली पायरी ही नोंद आहे.

घाटापलीकडचे महाड

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. 1976 च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, मरत होती. मोठ्या शहरातल्या पुस्तकांत या मरणाला जागा नव्हती, कारण मरणारे खेड्यातले होते. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास किती वाजता कसा होता हे लिहून ठेवले. त्यातून त्यांना दिसले की विष हृदयावर परिणाम करते. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरले, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास होते ते एकाच्या आसपास आले. हे अनुभव ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. छोट्या गावातल्या डॉक्टरची वही जगाने वाचली.

याच डॉक्टरांची दुसरी लढाई आपल्या खिशाशी जोडलेली आहे. 2013 मध्ये त्यांनी एक रुग्ण एमआरआयसाठी पाठवला होता. त्या केंद्राने त्यांना 1200 रुपयांचा चेक पाठवला. रुग्ण पाठवल्याबद्दलची ही ‘कट’. त्यांनी चेक परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार केली. वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरांनी कमिशन घेण्यास मनाई आहे, पण कौन्सिलचा अधिकार फक्त डॉक्टरांवर चालतो. कट देणाऱ्या केंद्रावर किंवा हॉस्पिटलवर चालत नाही. म्हणजे कायद्यातच भगदाड होते.

त्यानंतर चर्चा वाढली. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला. पण तो कायदा झाला नाही. मसुदा मसुदाच राहिला.

का राहिला? डॉक्टरांच्या बाजूने काही डॉक्टर बोलले. पण ज्यांच्या खिशातून कट जाते, ती आपली घरे कुठे होती? साताऱ्याला तपासणीला जाताना मंगळसूत्र गहाण ठेवणाऱ्या किती घरांनी आमदारांना विचारले, “साहेब, त्या कायद्याचे काय झाले?” एकटा डॉक्टर विषय उभा करू शकतो. तो विषय विधिमंडळात जिवंत ठेवायला मतदार लागतात.

वेळ लागतो, पण कायदा बदलतो

मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांचे उदाहरण आपल्या बायकांनी लक्षात ठेवावे. 1971 च्या गर्भपात कायद्यात 20 आठवड्यांची मर्यादा होती. बाळाच्या हृदयात किंवा मेंदूत गंभीर दोष असेल तर तो पुष्कळदा त्यानंतरच्या सोनोग्राफीत दिसतो. तोवर कायद्याची मुदत संपलेली असते. 2008 मध्ये दातार आपल्या रुग्ण जोडप्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी नाकारली. ते तिथे थांबले नाहीत. लिहीत राहिले, पुढच्या रुग्णांच्या बाजूने उभे राहत राहिले. 2021 मध्ये संसदेने कायदा बदलला. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली आणि गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीने आठवड्यांची मर्यादाच उरली नाही.

2008 ते 2021 म्हणजे तेरा वर्षे. एका निवेदनावर फोटो काढून घरी गेलो की काम झाले, असे समजणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

डॉक्टर कोणाच्या बाजूने बोलतात?

एक सावधगिरी. डॉक्टर सरकारकडे जातात ते नेहमी रुग्णासाठीच जातात असे नाही. 2023 च्या मार्चमध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार मिळावेत, हा त्याचा गाभा. त्याविरुद्ध तिथल्या खासगी डॉक्टरांनी संप केला. बिल कोण भरणार, ही त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. पण रस्त्यावर ते होते आणि रुग्ण घरी होते. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने त्यांच्याशी तडजोड केली.

डॉक्टरांच्या संघटनांना मंत्रालयाचा रस्ता माहीत असतो. दवाखान्यावरचे हल्ले रोखणारा कायदा महाराष्ट्रात 2010 मध्ये झाला तो त्यांच्या मागणीतूनच, आणि मागणी योग्य होती. नर्सवरही हात उगारला जातो, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच, की जो रस्ता स्वतःच्या सुरक्षिततेसाठी माहीत आहे, तोच रुग्णाच्या औषधासाठीही वापरा. आणि डॉक्टरांना हे सांगण्याचा अधिकार त्यांच्या रुग्णाला आहे.

सरकारी डॉक्टरांची अडचण वेगळी असते. त्यांना सेवानियम असतात, सरकारी धोरणावर उघड टीका करता येत नाही. त्यांच्यावर राग धरू नका. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना हे बंधन नाही. म्हणूनच त्यांचे पत्र मोलाचे.

कोणते गाऱ्हाणे कोणाकडे

चुकीच्या दारात दिलेले निवेदन फुकट जाते. म्हणून आधी दार ओळखा.

नळाचे पाणी, गटार, कचरा, डासांची फवारणी: पाचगणीत नगरपरिषद, म्हणजे नगरसेवक आणि मुख्याधिकारी. आसपासच्या गावांत ग्रामपंचायत.

प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र: सातारा जिल्हा परिषद आणि जिल्हा आरोग्य अधिकारी.

ग्रामीण रुग्णालय, डॉक्टरांची रिक्त पदे, राज्याचे कायदे, महात्मा फुले जन आरोग्य योजना: राज्य सरकार, म्हणजे आमदार. महाबळेश्वर तालुका वाई विधानसभा मतदारसंघात येतो.

टीबीची औषधे, केंद्राचे कायदे: केंद्र सरकार, म्हणजे साताऱ्याचे खासदार.

काही विषय दोन्हीकडे जातात. 2024 च्या मार्चमध्ये टीबीच्या औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर घ्यायला सांगितले. अशा वेळी खासदारांना विचारायचे, औषध का संपले? आणि आमदारांना विचारायचे, राज्याने किती घेतले, आपल्या तालुक्यात किती आले?

आमदारांच्या हातात काय असते, हेही ठाऊक हवे. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना मांडता येते. नागरिकांचा विनंती अर्ज आमदारांमार्फत सभागृहात जाऊ शकतो, त्यासाठी विनंती अर्ज समिती असते. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समितीही आहे. म्हणून आमदारांना ‘लक्ष घाला’ एवढेच सांगू नका. ‘येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारा’ असे सांगा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन सहसा मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे, महिना-दीड महिना आधी जा.

एक पानाचे पत्र

डॉक्टरांना वेळ नसतो, लोकप्रतिनिधीला त्याहून नसतो. म्हणून पत्र एका पानाचे असावे. नमुना असा:

“मा. आमदार महोदय,
मी पाचगणी येथे ___ वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. ___ ते ___ या काळात माझ्याकडे टीबीचे ___ रुग्ण आले. त्यांपैकी ___ रुग्णांना तपासणीसाठी वाई किंवा साताऱ्याला जावे लागले. ___ जणांनी प्रवासखर्च आणि बुडालेला रोज यामुळे तपासणी अर्धवट सोडली. माझी मागणी एकच: थुंकीचे नमुने आठवड्यातून ठरावीक दिवशी पाचगणीतून तपासणी केंद्रात नेण्याची सोय व्हावी. आपण येत्या अधिवेशनात याबद्दल प्रश्न विचारावा आणि केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.”

या पत्रात तीन गोष्टी आहेत: मोजलेला आकडा, एकच मागणी आणि उत्तराची अपेक्षा. दहा मागण्यांचे निवेदन दिले की कुठलीच पुरी होत नाही. आकडा लहान असला तरी चालेल, पण खरा हवा. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढचे खरे पत्रही कोणी वाचत नाही.

पत्रात रुग्णाचे नाव, घर, फोटो, आधार नंबर काही नको. लहान वस्तीत ‘अमक्या गल्लीतली वीस वर्षांची मुलगी’ एवढे लिहिले तरी सगळ्यांना कळते. टीबीच्या नावाने मुलीचे लग्न मोडते, एचआयव्हीच्या नावाने घर सोडावे लागते. एखाद्याला स्वतः पुढे येऊन बोलायचे असेल तर तो त्याचा निर्णय. त्याच्यासाठी तो दुसऱ्याने घेऊ नये, डॉक्टरांनी नाही आणि आम्ही कार्यकर्त्यांनीही नाही.

वस्तीने काय करायचे

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आरोग्यासाठी ठेवा. आशाताईंना बोलवा. महिन्यातून एकदा कोणत्या तक्रारी वाढल्या, औषध कुठे मिळाले नाही, कोणाचे किती पैसे गेले, हे वहीत लिहा. नावाऐवजी क्रमांक लिहा. शिकलेल्या मुलामुलींकडे ही वही द्या.

तीन महिन्यांनी दोघे-तिघे मिळून डॉक्टरांकडे जा. गर्दीच्या वेळी नको, दुपारी दवाखाना रिकामा असताना जा. वही दाखवा आणि विचारा, “डॉक्टर, तुमच्याकडेही हेच दिसते का? आम्हाला एक पान लिहून द्याल का?” काही नाही म्हणतील. कोणाला आमदारांचा राग ओढवेल असे वाटेल, कोणाला वेळ नसेल. एकाला तीन डॉक्टर मिळाले, तर तिघांची मिळून सही घ्या. एकट्यावर भार येत नाही.

पत्र आमदारांच्या कार्यालयात द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तारीख वहीत लिहा. महिन्याभरात उत्तर नाही आले तर पोच जोडून पुन्हा पत्र द्या. उत्तर आले तर तेही विहाराच्या फळ्यावर लावा, ‘हो’ असो की ‘नाही’. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो फळा दाखवा. पक्ष कोणताही असो, प्रश्न तोच.

आरोग्याचा प्रश्न कायदेमंडळात नेणे आपल्याला नवे नाही. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. कारखान्यातल्या बाईचे दुखणे तेव्हा घरातली गोष्ट समजली जात होती. ती सभागृहात नेली, म्हणून तिचा हक्क झाला.

तुमच्या डॉक्टरांच्या कपाटातल्या केसपेपरांतही असेच हक्क पडून आहेत. येत्या रविवारी वहीचे पहिले पान उघडा. डॉक्टरांकडे पुढे जाऊ.

जय भीम.